पाण्यावरची खोली आणि पुरातली नाव

ताई, नमस्कार. फेब्रुवारीत माझं लग्न झालं. माहेर शिरोळ तालुक्यात नदीकाठचं, सासर कोल्हापुरात. घरची गुळाची अडत आहे, मी हायस्कूलला शिकवते. सीझन चालू असल्यामुळं लग्नानंतर कुठंच जाणं झालं नाही. आता मे महिन्यात मला सुट्टी आणि ह्यांचाही व्याप कमी. ह्यांच्या मित्रानं मालदीवला पाण्यावरच्या खोलीत राहिल्याचे फोटो टाकले, तेव्हापासून ह्यांनी तेच मनात घेतलंय. तीन रात्रींचे दोघांचे ३,४०,००० सांगितलेत, मे म्हणून सवलत आहे म्हणे. हातात १,४०,००० आहेत, बाकीचे २,००,००० हप्त्यावर. सासूबाई म्हणतात, आधी जोतिबा, जेजुरी, तुळजापूर करा, मग कुठं जायचं ते जा, पण आखाडाच्या आत.

खरी गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. २०१९ च्या पुरात आम्हाला स्लॅबवरून नावेत उतरवून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून रात्री खाली पाणी आहे म्हटलं की पोटात गोळा येतो. त्या खोलीच्या जमिनीला काच आहे, खाली समुद्र दिसतो. हे हौसेनं फोटो दाखवतात आणि मी हसून मान डोलावते. लग्नाला दोनच महिने झालेत, आत्ताच नको म्हटलं तर त्यांना काय वाटेल? माझा पासपोर्टही माहेरच्या नावाचा आहे. काय करू? कृपया नाव छापू नका.

* * *

पोरी, आधी पुराचं बोलू. मालदीव, हप्ते, पासपोर्ट यांना उत्तरं आहेत आणि ती पुढं देते.

त्या ऑगस्टमध्ये मी इथंच, कोल्हापुरात होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. महामार्ग बंद, शहरात कितीतरी गल्ल्या पाण्याखाली. तुमच्याकडं तर कृष्णा आणि पंचगंगा दोघीही अंगावर आलेल्या. आम्ही काही बायका एका मंगल कार्यालयात भाकऱ्या थापायला जायचो. तिथं शिरोळकडून आणलेली एक मुलगी होती, तुझ्याच वयाची असेल. दिवसा पोरांना गोष्टी सांगायची, पंगतीत वाढायची. रात्री मात्र भिंतीला पाठ लावून बसून राहायची. बाहेर टँकरमधून टाकीत पाणी पडायला लागलं की दोन्ही हातांनी सतरंजी घट्ट धरायची. त्या मुठी मला अजून दिसतात. म्हणून तुझ्या पोटातल्या गोळ्याला मी खूळ म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला तू म्हणू देऊ नकोस. तू स्वतःही नको म्हणूस.

शाहूपुरीत बसून बावीस वर्षं मी लोकांच्या सहलींची बुकिंगं केली. पाण्यावरची खोली म्हणजे काय ते तुला नीट माहीत असावं. उथळ समुद्रात खांब रोवलेले, त्यावर फळ्यांची जमीन, वर शाकारलेलं छप्पर. वारा पडला तरी रात्रभर खांबांवर पाणी चापट्या मारत राहतं, भरती आली की आवाज वाढतो. पुष्कळ जणांना त्या आवाजानं छान झोप लागते. तुला लागणार नाही. तीन रात्री तू डोळे मिटून जागी राहशील आणि शेजारी झोपलेल्या माणसाला ते कळल्याशिवाय राहणार नाही. का जागी आहेस, तेवढं मात्र त्याला कळणार नाही.

आमचं लग्न १९९३ चं. हे मला मालवणला घेऊन गेले, सिंधुदुर्ग किल्ला दाखवायला. नावेत पाय टाकला तेव्हापासून माझ्या अंगाला कापरं भरलं होतं, पण नवी नवरी कुठं बोलणार? किल्ल्यात महाराजांच्या हाताचा ठसा आहे, लोक लांबून बघायला येतात. मी त्याच्यासमोर उभी होते आणि डोक्यात एकच होतं, अजून परतीची नाव आहे. दिवसभर मी एक शब्द नीट बोलले नाही. पुढं सात वर्षांनी, मुलीला पोहायला घालायचं चाललं होतं तेव्हा, सहज बोलता बोलता मी ते सांगितलं. हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, हे स्थळ तुला मनापासून पसंत नव्हतं." सात वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं गं. मी एक वाक्य बोलले असते तर त्याच दिवशी, त्याच जेटीवर मिटलं असतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की सांगायचं, आणि बुकिंगचे पैसे भरायच्या आधी सांगायचं.

कुठं आणि कसं, तेही सांगते. घरात नको. स्वयंपाकघरात कान असतात, आणि रात्री दमलेल्या माणसाशी असलं बोलणं सरळ जात नाही. येत्या रविवारी सकाळी लवकर गाडी काढा आणि पन्हाळ्याला जा. सासूबाईंना जोतिबाचं सांगितलं तर तेही खरंच करा, वाटेवरच आहे, त्यांचा एक शब्द राखला जाईल. देवदर्शन झालं की वर जाऊन झुणका-भाकरी खा आणि सज्जाकोठीच्या बाजूला जिथं गर्दी नाही तिथं बसा. सुरुवात "मला नको"नं करू नकोस. पुरापासून कर. किती वाजले होते, आधी कुणाला उतरवलं, दावणीतली जनावरं कशी सोडली, नाव कुठं अडली, कशाकडं बघायचं नाही म्हणून आईनं सांगितलं होतं. एवढं ऐकलं की "नको" तुला म्हणावंच लागणार नाही. मग म्हण, "अहो, मला तुमच्याबरोबर लांब जायचंय, हौसेनं जायचंय. फक्त पाण्यावर झोपायचं माझ्यानं होणार नाही."

ते बहुतेक म्हणतील, "अगं काही होत नाही, मी आहे ना." हे मायेनंच म्हणतील. तेव्हा गप्प बसू नकोस. "तुम्ही आहात म्हणून तर सांगतेय," म्हण. आणि हसण्यावारी नेलंच तर दोन दिवस जाऊ देत, पुन्हा सांग. पहिल्या खेपेला ऐकणाऱ्याला सुचत नाही, विशेषतः मनानं आधीच विमानात बसलेल्या माणसाला.

आता पुढचं त्यांना वाचून दाखव, कारण हे त्यांच्यासाठी आहे.

दादा, मालदीव सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. जवळपास बाराशे बेटं, आणि बहुतेक रिसॉर्टना स्वतःचं एकेक बेट. पण तुम्हाला जे फोटो आवडलेत ते कुठल्या महिन्यातले आहेत ते मित्राला विचारा. तिथला कोरडा, शांत हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. मेपासून नैर्ऋत्येचे वारे सुरू होतात, जे पुढं आपल्याकडं मृगाचा पाऊस आणतात तेच. मग ऑक्टोबरपर्यंत पाऊस, वारा, खवळलेला समुद्र हे अधूनमधून असतंच. रोज दिवसभर कोसळतो असं नाही, पण तीनच रात्री गेलात आणि दोन दिवस आभाळ भरून राहिलं तर? पाण्याचा तो निळा रंग उन्हाचा असतो. ऊन नसेल तर समुद्र राखाडी दिसतो. मेमधली सवलत त्याचीच आहे. बाजारात उतरलेला भाव दिसला की तुम्ही आधी गुळाच्या रव्यावर हात फिरवता, रंग बघता, कण बघता. इथंही तसंच बघा.

आणि सांगितलेल्या रकमेत काय काय धरलंय ते लिहून मागा. रिसॉर्टच्या दरापुढं दोन अधिकची चिन्हं असली तर सेवाशुल्क आणि कर वेगळे. शिवाय माणशी, दर दिवसाचा हरित कर असतो. तिथल्या राजधानीच्या, मालेच्या विमानतळावरून बेटावर न्यायचे पैसे धरलेत का, की तेही वेगळे? लांबच्या बेटावर समुद्रावर उतरणारं छोटं विमान नेतं आणि ते फक्त दिवसा उडतं. तुमचं विमान दुपार कलल्यावर पोचलं तर ती रात्र मालेजवळ पदरच्या पैशानं काढायची, म्हणजे तीनपैकी एक रात्र तिथंच गेली. जेवण किती वेळचं? बेटावर दुसरं हॉटेल नसतं, पाण्याच्या बाटलीलाही तिथलाच भाव. हे सगळं बेरजेत धरा आणि मग ३,४०,००० चे किती होतात ते बघा.

कर्जाचं गणित तर तुम्ही माझ्यापेक्षा पक्कं जाणता. २,००,००० रुपये सोळा टक्क्यांनी बारा महिन्यांसाठी घेतले तर महिन्याला साधारण १८,१५० चा हप्ता, आणि वरचे साडेसतरा हजारांच्या पुढं व्याजाचे. बिनव्याजी हप्ते म्हणत असतील तर रोखीनं काय भावात देताय ते विचारा, व्याज तिथं सापडेल. तीन रात्रींसाठी पुढच्या मेपर्यंत दर महिन्याला ही रक्कम जाणार. पहिली दिवाळी, पहिली संक्रांत, हळदीकुंकू, माहेरचं जाणं-येणं, सगळं ह्याच वर्षात आहे. हप्त्याच्या तारखेला नव्या संसारात चिडचिड होते, मी पाहिली आहे. फोटो भिंतीवर हसत असतात आणि खाली दोघं तोंड फिरवून बसलेली.

पण तुमची हौस मोडावी असं माझ्या मनात नाही. मालदीव करायचंच तर फेब्रुवारीत करा, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला. तो तुमचा ऐन सीझन आहे हे मला कळतं, पण वर्षभर आधी सांगितलं तर घरचं कुणीतरी चार दिवस दुकान सांभाळेल. तोवर पैसे साठवा. आणि तेव्हा खोली घ्या वाळूवरची. तिला बीच व्हिला म्हणतात, बेट तेच, समुद्र तोच, पायरी उतरली की वाळू. बहुतेक ठिकाणी ती पाण्यावरच्या खोलीपेक्षा स्वस्तच असते. तुमची बायको तिथं शांत झोपेल.

ह्या मे महिन्याचं काय, हा प्रश्न राहतो. अंदमान मनात येईल. पासपोर्ट नको, परकं चलन नको, आणि राधानगरचा किनारा माझ्या आवडीच्या किनाऱ्यांत पहिला. पण मेमध्ये मी पाठवणार नाही, कारण एकदा पाठवून चुकले आहे. अंदमानच्या समुद्रावर मोसमी वारे साधारण २० मेच्या पुढं-मागं पोचतात, देशात सगळ्यात आधी तिथं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी इचलकरंजीच्या एका नव्या जोडप्याला मेच्या शेवटच्या आठवड्यात धाडलं. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पोचेपर्यंत ठीक होतं. परत यायच्या दिवशी समुद्र उठला, बोटी रद्द झाल्या आणि पोर्ट ब्लेअरचं परतीचं विमान गेलं. नवी नवरी फोनवर रडत होती आणि मी इथं बसून तिला काही देऊ शकत नव्हते. तेव्हापासून अंदमानला जाणाऱ्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी सांगते. नोव्हेंबर ते एप्रिलच्या आत जा, आणि शेवटची रात्र बेटावर न काढता विमानतळाच्या गावात काढा. त्या गावाचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. तुमची सहल मेमधली, आणि तिच्या मनात नावेचं भय. रद्द होणाऱ्या बोटींच्या भरवशावर तिला मी ठेवणार नाही. लक्षद्वीपचंही तेच, शिवाय त्याला परवाना लागतो.

मग इंडोनेशियातलं बाली. मे महिन्यात बालीत कोरडा हंगाम सुरू झालेला असतो, तो ऑक्टोबरपर्यंत चालतो. आपल्याकडं आभाळ भरून येतं तेव्हा तिकडं उघडतं. बेट मोठं आहे, डोंगर आहेत, भातशेती आहे, समुद्र पाहिजे तेव्हा बघायचा आणि नको तेव्हा पाठीमागं टाकून डोंगरात जायचं. कोल्हापूरहून रात्रीच्या बसनं किंवा उजळाईवाडीहून विमानानं बंगळूर, तिथून थेट विमान, साधारण सात तास. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं.

पोरी, आता पुन्हा तुझ्याशी बोलते.

बालीत सहा रात्री मिळाल्या तर तीन किनाऱ्यावरच्या सानूरला आणि तीन आतल्या बाजूच्या उबुदला. याहून जास्त गावं नकोत. सहा रात्रींत पाच हॉटेलं बदलायला लावणारी पॅकेजं असतात, रोज सकाळी बॅग भरा, बॅग उचला. लग्नघरात महिनाभर तेच केलंत ना? दोन खोल्या पुष्कळ झाल्या. उबुदला खोली भाताच्या खाचराकडं तोंड असलेली मागा. फिरायला दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवता येते, तिथं तीच पद्धत आहे.

उबुदच्या बाजूची भातशेती तुला आवडेल असं मला फार वाटतं. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांची खाचरं, आणि पाणी वाटून घ्यायला शेतकऱ्यांची स्वतःची संस्था. तिला सुबक म्हणतात. शेकडो वर्षांची रीत आहे, पाण्याच्या देवळापासून खालपर्यंत कुणाला कधी पाणी सुटायचं ते सगळे मिळून ठरवतात. २०१२ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतली. तुमच्याकडं उसाला पाळीनं पाणी असतं, त्यावरून वर्षभर भांडणं चालतात. तू शेतकऱ्याची मुलगी, तुला त्या पाटांकडं नुसतं बघत बसावंसं वाटेल. तिथलं पाणी पाटातून जातं, मापात, दिवसाउजेडी. जतिलुविह नावाचं गाव त्यासाठी निवडा, तेगललांगला गर्दी फार.

रोज सकाळी तिथल्या बायका ताडा-नारळीच्या कोवळ्या पानांची तळहाताएवढी चौकोनी परडी विणतात, त्यात चार रंगांची फुलं, चिमूटभर भात, वर एक उदबत्ती, आणि ती परडी उंबऱ्यावर, दुकानाच्या पायरीवर, फुटपाथवरसुद्धा ठेवतात. चालताना खाली बघून चाल, पाय लावायचा नाही. सासूबाईंना दाखवायला फोटो काढायचाच तर ह्याचा काढ. आपण उंबऱ्यावर हळदकुंकू वाहतो, त्याच हातांचं ते काम आहे.

आणि तुझ्या ह्यांच्यासाठी एक सांगते. तिथल्या भाषेत साखरेला "गुला" म्हणतात, आपल्या संस्कृतातल्या "गुड"वरूनच आलेला शब्द. नारळाच्या, ताडाच्या रसाचा काळपट तांबडा गूळ तिथं घरोघर वापरतात. करवंटीत किंवा बांबूच्या नळीत ओतून थिजवतात, त्यामुळं ढेप अर्ध्या नारळासारखी नाहीतर दंडगोल दिसते. सकाळच्या बाजारात त्यांना घेऊन जा आणि तिथं जरा सोड. आपल्या धंद्याची वस्तू परक्या मुलखात वेगळ्या आकारात दिसली की पुरुषमाणूस किती बोलका होतो ते बघ. तासभर तू फक्त ऐक. लग्नाला दोन महिने झालेल्या नवऱ्याला आपल्या कामाबद्दल मनापासून बोलताना ऐकणं ही मोठी गोष्ट आहे. अडतीत त्यांच्या बोलण्याकडं असं कुणी कान देत नसेल.

जेवणाची अडचण पडणार नाही. भात, मासे, कोंबडी आणि सांबल नावाची मिरचीची चटणी, कोल्हापूरकराला पुरेल एवढी झणझणीत. डुकराचं मांस तिथं आवडीनं खातात, नको असेल तर "बाबी" नको म्हणून सांगायचं. पाणी बाटलीबंदच.

पैशांचं म्हणशील तर इंडोनेशियाचा व्हिसा तिथं उतरल्यावर किंवा आधी संगणकावरून काढता येतो. तीस दिवसांचा, माणशी पाच लाख रुपयाह. घाबरू नकोस, एक लाख रुपयाह म्हणजे आपले साधारण साडेपाचशेच्या आतबाहेर. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपयाह घेते. सगळ्यात मोठा खर्च तिकिटांचा, म्हणून तिकिटाचा भाव आधी बघा आणि त्यावरून रात्री ठरवा. सहा बसत नसतील तर पाच करा. नेटकं बसवलं तर तुमच्या १,४०,००० च्या आसपास हे जमतं, हप्ता न करता. पॅकेज घेतलंत तर बिलात टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच घेऊन सरकारात भरायचा कर, लागेल. ज्याच्या पॅनवर तो भरला जाईल त्याच्या प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तो जमा धरतात, म्हणून पावती जपून ठेवा. प्रवासाचा विमा काढाच. आणि तिथं भाड्याची स्कूटर घ्यायचा मोह ह्यांना नक्की होणार. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला नसेल तर घेऊ देऊ नकोस, अपघात झाला तर विम्यावाले हात वर करतात.

पासपोर्टाची काळजी सोड. माहेरच्या नावाचा पासपोर्ट पूर्ण चालतो, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. फक्त विमानाचं तिकीट आणि व्हिसा हुबेहूब पासपोर्टावरच्या नावानं काढा. कुणीतरी कौतुकानं सासरचं आडनाव टाकतं आणि विमानतळावर खोळंबा होतो, असं मी पाहिलंय. आधारवरचं नाव बदलायला टाकलं असशील तर बंगळूरच्या विमानालाही पासपोर्टच दाखव. उतरायच्या दिवसापासून पासपोर्टाची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी, ते आजच बघ. विवाह नोंदणीच्या दाखल्याची एक प्रत बॅगेत असू दे.

आता दोन गोष्टी, ज्या मोठ्या बायका मुलींना सांगत नाहीत आणि सांगायला पाहिजेत. पाळीची तारीख बघून दिवस ठरव आणि तारीख त्यांनाही सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बालीतल्या देवळांच्या दारावर पाळी असलेल्या बाईनं आत येऊ नये अशी पाटी असते, म्हणूनही आधी माहीत असलेलं बरं. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नकोस. त्या हार्मोनच्या असतात, सगळ्यांना चालत नाहीत, त्यात लांबचा विमानप्रवास. डॉक्टरीणबाईंना विचार, आणि मूल कधी हवं ते तुम्ही दोघांनी ठरवलं नसेल तर त्याच भेटीत तेही विचार. दुसरी गोष्ट, नव्यानं लग्न झालेल्या कितीतरी मुलींना प्रवासात लघवीला जळजळ सुरू होते. पाणी भरपूर पी, लघवी तुंबवू नकोस, संबंधानंतर लघवीला जाऊन ये. तरीही त्रास झालाच तर अंगावर काढू नकोस. आणि एखाद्या रात्री नुसतं बोलत बसावंसं वाटलं तर बसा. सहल पैसे भरून केली म्हणून रोज काही झालंच पाहिजे असं नाही.

सासूबाईंचं मन राखणं सोपं आहे. जोतिबा रविवारीच होईल, अंबाबाईची ओटी निघायच्या आदल्या दिवशी भर. जेजुरी-तुळजापूरला शनिवार-रविवार धरून त्यांनाच बरोबर घेऊन जा, त्यांना तेच हवं असणार. आखाडात माहेरी जाशील तेव्हा सहल होऊन महिना झालेला असेल. एवढंच बघ, की ओटीतली सुक्या खोबऱ्याची वाटी त्या मायेनं तुझ्या बॅगेत ठेवतील. ती विमानात चालत नाही, त्यातल्या तेलानं पेट घेण्याची भीती असते. ती काढून देवघरात ठेव आणि त्यांना कारण सांग, नाहीतर त्यांना वाटेल सुनेनं टाकली. पुढं कधी मालदीवला गेलात तर पूजेची मूर्तीही बरोबर नको, तिथल्या कस्टमच्या नियमात बसत नाही. दागिने सगळे घरी. गळ्यात लहान मंगळसूत्र पुरे. बालीत उलुवातूच्या देवळात माकडं चष्मे आणि मोबाईल हिसकतात.

समुद्राचं शेवटी ठेवलंय. कुटा-सेमिन्याककडं लाटा मोठ्या आणि आत ओढ आहे. तिकडं संध्याकाळ बघायला जा, पाण्यात नको, लाल झेंडा असेल तिथं ह्यांनीसुद्धा नको. स्पीडबोटीनं नुसा पेनिदा बेटावर नेतो म्हणून चालक आग्रह करेल, त्याला नाही म्हणा. सानूर मी मुद्दाम सुचवलंय. तो किनारा पूर्वेकडं तोंड करून आहे आणि लांब समुद्रात प्रवाळाची भिंत आहे, लाट तिथंच फुटते. ओहोटीला बरंच आतपर्यंत पाणी घोट्याएवढंच असतं, तळाची वाळू दिसते. पहिल्या दिवशी दमून झोपा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठा, हॉटेलात ओहोटीची वेळ विचारून ठेवा, आणि सूर्य वर येईपर्यंत वाळूवर बसा. मग वाटलं तर साडी-सलवार जे असेल ते जरा वर धर आणि घोट्याएवढ्या पाण्यात जा. तिथनं पुढं जायचं का माघारी यायचं, ते तू ठरव. चपला त्यांच्या हातात दे.